पलीकडचं वल्हं

मी तोंडावर बोलणारी बाई. पस्तीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात कॉलर जोडली, आणि त्यातली निम्मी सुपरवायझरशी हुज्जत घालण्यात गेली. मनात एक आणि ओठांवर दुसरं असं मला जमतच नाही, असं मी स्वतःच चारचौघांत सांगत आले. आणि तीच मी गेल्या वर्षी सलग चार मंगळवार एका थंडगार खोलीत बसून धडधडीत खोटं वागले. का वागले ते सांगते. माझी बाजू घेऊन ऐकू नका, घेण्यासारखी नाही.

सुरुवात भाचीने केली. ती एका कंपनीत आहे. लोकांना कोणती वस्तू आवडते, कोणती नाही, हे विचारायला माणसं गोळा करून द्यायची, असलं काहीतरी तिचं काम. आमचे हे गेले त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. ती म्हणाली, मावशी, घरात बसून भिंतींशी बोलतेस, त्यापेक्षा मंगळवारी दोन तास बाहेर पड. मी तिला ठणकावलं की मी भिंतींशी बोलत नाही. मिक्सरशी बोलते, कारण तो ऐकत नाही. तर ती हसली आणि तिने माझं नाव घालून टाकलं.

काम असं होतं. टीव्हीला जोडून गेम खेळायचा डबा बनवणारी एक कंपनी. त्यांना अशी माणसं हवी होती ज्यांनी जन्मात कधी गेमला हात लावलेला नाही. म्हणजे अडाणी पाहिजेत, असं मी म्हटलं. अडाणी नाही गं, नवखे, असं भाचीने सांगितलं. मला फारसा फरक वाटला नाही, पण त्रेसष्टाव्या वर्षी कोणी नवखी म्हणतंय तर म्हणू दे.

पहिल्या मंगळवारी चौथ्या मजल्यावर आम्हा नऊ जणांना बसवलं, आणि एका साहेबांनी सगळं समजावून सांगितलं. डब्याबरोबर कोणते गेम द्यायचे त्याची यादी करणं हे त्यांचं काम, म्हणून मी त्यांचं नाव यादीवाले ठेवलं. माणूस सरळ वाटला. म्हणाले, आमचा डबा चांगला आहे, पण तो घेणारी मुलं तीच तीच आहेत. त्याच घरात आई आहे, आजोबा आहेत, आत्या आहे, आणि ती सगळी डब्यासमोरून नुसती ये-जा करतात. डबा कोणी डब्यासाठी घेत नाही, आतल्या गेमसाठी घेतो. मला चाळीस गेमची अशी यादी हवी आहे की घरातल्या एकाही माणसाने 'हे माझ्यासाठी नाही' असं म्हणू नये. आणि ते 'नाही' कुठे म्हणावंसं वाटतं, हे आमच्या इथल्या हुशार माणसांना कळत नाही, कारण ती सगळी लहानपणापासून खेळत आली आहेत. ते तुम्ही सांगायचं.

मला हे पटलं. शिवणाचंही तसंच असतं, शिवणाऱ्याला कॉलर टोचत नाही, घालणाऱ्याला टोचते.

मग प्रत्येकाला वेगळी खोली दिली. माझ्या खोलीत एक खुर्ची, समोर मोठा टीव्ही, हातात दोन दांडेवालं ते यंत्र, त्याला कंट्रोलर म्हणतात. आणि मागच्या कोपऱ्यात नोंदी घेणारी एक मुलगी. पंचवीस-सव्वीसची असेल, केस डोळ्यांवर येणारे, आवाज मऊ. मी खेळायचं आणि तिने लिहायचं. मधेच ती विचारायची, "मावशी, आत्ता काय वाटलं?"

पहिल्यांदा तिने विचारलं तेव्हा मी मागे वळून बघितलं. मला वाटलं, दुसऱ्या कोणाला विचारतेय.

तुम्हाला गंमत वाटेल. पण माझं घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. समोरच्या दारातली माणसं सकाळी आठला जातात ती दिवे लागल्यावर येतात. जाऊ आहे, पण ती तिच्या लेकाकडे लांब गेली. भाचीचा फोन रविवारी, तोही तिचा स्वयंपाक चालू असताना. दिवसभरात माझ्या तोंडून निघणारं वाक्य म्हणजे दुकानात 'पिशवी नको'. रविवार सोडला तर कधीकधी तेवढंच. आणि इथे दोन तासांत पंधरा-वीस वेळा एक शहाणी मुलगी मला विचारत होती की मला काय वाटलं, आणि मी जे बोलेन ते लिहून घेत होती. बसमधून घरी येताना माझा घसा बसला होता. इतकी बोलले होते मी.

आणि मी काही उगाच बडबड केली नाही. एका गेममध्ये जरा चुकलं की पडद्यावर लाल अक्षरात 'हरलात' असं यायचं. मी म्हटलं, मेलं, हरले ते मला दिसतंय की, वर लाल अक्षरात कशाला? शाळेतली मास्तरीण आहे का ही? पुढच्या मंगळवारी ते अक्षर गेलेलं. तिथे 'पुन्हा बघू या' असं आलं होतं, साध्या पांढऱ्या रंगात. एका गेममध्ये कोणतं बटण दाबायचं ते कुठे लिहिलेलंच नव्हतं. मुलगी म्हणाली, सगळ्यांना माहीत असतं. मी म्हटलं, मग सगळ्यांनाच विका. तेही बदललं. यादीवाल्यांनी जिन्यात थांबवून मला सांगितलं की तुमचे कागद आम्ही सगळे मिळून वाचतो. मी वरवर नुसतं 'बरं' म्हटलं, पण आतून फुगले होते.

तिसऱ्या मंगळवारी घोटाळा झाला. आमच्यात एक रिटायर बस कंडक्टर होते. उंच, मिशीवाले, आल्या आल्या सगळ्यांना 'चला, पुढे सरका' म्हणणारे. त्यांना भराभर जमायला लागलं होतं. त्या दिवशी चहाच्या वेळी यादीवाले आले, त्यांच्याशी हात मिळवला, कंपनीचं नाव असलेली एक पिशवी दिली, आणि तुमची फार मदत झाली असं म्हणाले. कंडक्टरांना कळेना. ते म्हणाले, पुढच्या मंगळवारी किती वाजता? तेव्हा त्यांना समजावून सांगावं लागलं की तुम्ही आता नवखे राहिला नाहीत. तुम्हाला येतं. इथे खेळता न येणारी माणसं लागतात.

ते पिशवी धरून उभे राहिले. मग कोणाकडे न बघता लिफ्टकडे गेले. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. इतकी वर्षं लोकांना उतरवलं, पण स्वतःला असं मधल्याच स्टॉपवर उतरवलेलं त्यांना सोसलं नाही.

मी हातातला चहा तसाच खाली ठेवला, कारण मलाही यायला लागलं होतं. माझ्या बोटांचा त्यात काय दोष? पस्तीस वर्षं उजव्या हाताने कापड सरकवायचं, डाव्याने वळवायचं, पायाने मशीन चालवायची आणि डोळे सुईवर. त्या कंट्रोलरमध्ये असं काय मोठं आहे? दुसऱ्या मंगळवारीच माझी बोटं आपोआप जागेवर पडायला लागली होती. आणखी एक-दोन आठवडे, की मला पिशवी. मग पुन्हा मिक्सर.

त्या दिवशी बसमध्येच मी ठरवलं, आणि चौथ्या मंगळवारपासून वेड पांघरलं.

चुकायला लागले. बटण माहीत असून शोधल्यासारखं करायचं, उजवीकडे जायचं तर डावीकडे जायचं, 'अगं बाई' म्हणायचं. सोपं नसतं ते. मुद्दाम वाकडा टाका घालायचा तर हात ऐकत नाही, त्याला दर वेळी दटावावं लागतं. घरी आल्यावर मनगटं दुखायची. पण मुलगी मला धीर द्यायची, सावकाश मावशी, घाई नाही. आणि मी मनाशी म्हणायचे, कोणाचं काय बिघडतंय? माझ्यामुळे अक्षरं मोठी होतील, वेळ जास्त मिळेल, पुढच्या म्हाताऱ्यांचं भलंच होईल. स्वतःची समजूत घालण्यात मी कधी कमी पडले नाही.

पाचव्या मंगळवारी त्यांनी मला नावेचा गेम दिला.

तो वेगळाच होता. एक रुंद नदी, धुकं, आणि एक छोटी नाव. पलीकडच्या काठावर एक घर. अक्षरं नाहीत, आकडे नाहीत, कोणी मागे लागलेलं नाही. नावेत दोन माणसं, पाठमोरी. एक वल्हं माझ्या हातात आणि दुसरं दुसऱ्याच्या. ते दुसरं माणूस खरं असतं. ते दुसऱ्या कुठल्या तरी घरात बसलेलं असतं, त्याला आपण दिसत नाही, त्याच्याशी बोलता येत नाही. दोघांनी एका लयीत वल्हं मारलं तर नाव सरळ जाते, नाहीतर जागच्या जागी गोल फिरते. एवढाच गेम. मुलगी म्हणाली, आत्ता ते दुसरं माणूस शेजारच्या खोलीत आहे, पण कोण ते सांगायचं नाही असा नियम आहे. मी त्याचं नाव पलीकडचा ठेवलं.

पाच मिनिटांत मला कळलं की मला हे येतंय. मशीनवर दोघी समोरासमोर बसून एकाच कापडाची दोन टोकं शिवायचो, तशी ती लय होती. म्हणून लगेच चुकायला सुरुवात केली. नाव फिरली. आता हा पलीकडचा वैतागणार, जोरजोरात वल्हं मारणार, असं मला वाटलं. त्याने तसं केलं नाही. त्याने वल्हं पाण्याबाहेर उचललं आणि तसंच धरून ठेवलं. थांबला. मी माझं वल्हं परत सावरेपर्यंत थांबला, आणि मग माझ्याबरोबर पाण्यात घातलं.

मुलीने विचारलं, काय वाटलं. मी 'बरं वाटलं' एवढंच म्हटलं. आयुष्यात माझ्यासाठी कोणी थांबलं नव्हतं हो. कारखान्यात थांबलात तर मागे कपड्यांचा ढीग लागायचा. आमचे हे रस्त्याने नेहमी दहा पावलं पुढे. माणूस वाईट नव्हता, चाल जोरात होती. तेहतीस वर्षं मी त्यांची पाठ बघत चालले. सहाव्या मंगळवारी मी हे त्या मुलीला सांगून टाकलं, गेम चालू असताना, टीव्हीकडे बघत. कोणाला कधी सांगितलं नव्हतं. तिने ते लिहून घेतलं.

आता मी दोन कारणांसाठी चुकत होते. एक म्हणजे खुर्ची टिकावी म्हणून, आणि दुसरं म्हणजे त्याने थांबावं म्हणून. मंगळवारची वाट मी बुधवारपासून बघायचे. सातव्या मंगळवारी नवे कपडे घालून गेले. कोणाला दिसणार होते? पलीकडच्याला तर नाहीच. तरी घातले. तीन मंगळवारांत मी एकदाही नाव पलीकडे लागू दिली नाही, आणि तो एकदाही रागावला नाही.

आठव्या मंगळवारी मी खुर्चीत बसले, टीव्ही लागला, आणि नावेत एकच माणूस होतं.

मी म्हटलं, हे काय? मुलगी खूश होती. म्हणाली, मावशी, तुमचा त्रास संपला. निम्म्याहून जास्त नवख्यांना तीन बैठकांत नाव पलीकडे नेता आली नाही तर तो गेम यादीत घ्यायचा नाही, असा साहेबांचा नियम आहे. नऊपैकी चौघांना जमलं, पाच जणांना नाही. तुम्ही पाचव्या. कंडक्टरांच्या जागी आलेल्या आजोबांचंही तुमच्यासारखंच झालं. सगळ्यांची अडचण तीच, दुसऱ्या माणसाशी जुळत नाही. म्हणून साहेबांनी बनवणाऱ्याला सांगितलं की दुसरं माणूसच काढून टाका. आता दोन्ही वल्ही तुमच्याच हातात. एकटीने जमेल.

मी कंट्रोलर उचलला. दोन्ही वल्ही बरोबर चालत होती, मला काही करावंच लागत नव्हतं. चार मिनिटांत नाव काठाला लागली. घराचं दार उघडलं, छान संगीत वाजलं. मी मुद्दाम चुकायचंसुद्धा विसरले.

"काय वाटलं, मावशी?"

मला काय वाटलं? मला रडू फुटायच्या बेतात होतं, आणि संताप आला होता, दोन्ही माझाच माझ्यावर. हा डबा हजारो घरांत जाणार. त्यात माझ्यासारख्या बायका असणार, दोन खोल्यांत एकट्या, ज्यांच्या नावेत कोणीतरी येऊन बसलं असतं, थांबलं असतं. ते माणूस मी उठवून दिलं. का, तर मला दर मंगळवारी बसायला एक खुर्ची हवी होती.

गप्प बसले असते तर खुर्ची राहिली असती. आणखी दोन महिने कामं आहेत असं मुलगी म्हणाली होती. बागेचा गेम आहे, मावशी, तुम्हाला आवडेल. खोटं कशाला सांगू, मी तेवढा विचार केला. चांगला मिनिटभर केला.

मग मी कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "ते दुसरं वल्हं परत लावा. मला सगळं येतं. पहिल्यापासून येत होतं."

मुलीला आधी खरंच वाटेना. तिला वाटलं, मी मनाला लावून घेतलंय. मग यादीवाल्यांना बोलावलं. त्यांच्यासमोर मी सगळं घडाघडा बोलले, कंडक्टरांपासून. ते रागावले नाहीत, आणि तेच जास्त लागलं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि मुलीला सांगितलं की चौथ्या मंगळवारपासूनचे यांचे सगळे कागद रद्द कर. ते खोटे आहेत, ते यादीत धरता येणार नाहीत.

मुलीने माझ्यासमोर हातातल्या टॅबवरून ते एकेक करून पुसले. मी बघत होते. त्यात माझ्या खोट्या चुका होत्या हे खरं, पण बाकी सगळं खरं होतं. माझ्या नवऱ्याची चाल त्यात होती. तिने तिथे क्षणभर बोट थांबवलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग तेही पुसलं. तिची काही चूक नाही. नियम होता.

साहेबांनी हिशोब मांडला. माझा कागद गेला की चार विरुद्ध चार. या गेमचं आज संध्याकाळपर्यंत ठरायला हवं. मग बनवणाऱ्यालाच विचारू, असं म्हणून त्यांनी शेजारच्या खोलीचं दार उघडलं, आणि पलीकडचा बाहेर आला.

गेम त्यानेच बनवला होता. तीन वर्षं एकट्याने. दुसरं वल्हं कोणीतरी धरायला हवं म्हणून नऊही जणांबरोबर तोच बसत होता. चाळिशी उलटलेला, डोक्यावर केस कमी, खांदे पडलेले. शर्टाची कॉलर उलटी मुडपलेली. मला ती नीट करावीशी वाटली.

साहेबांनी विचारलं, एक की दोन?

तो म्हणाला, "दोन."

साहेब म्हणाले, मला एकदा दाखवा. तीन आठवडे ही नाव गोल फिरते असंच मी जास्त ऐकतोय, पलीकडे गेलेली एकदा डोळ्यांनी बघू दे. त्याने जुना दोन वल्ह्यांचा गेम लावला आणि तो पुन्हा शेजारच्या खोलीत गेला. दार लागलं. मी खुर्चीत बसले आणि वल्हं हातात घेतलं, पहिल्यांदाच खऱ्या हाताने.

नाव सरळ निघाली. काय सांगू, इतकी सरळ की पाणी दोन्हीकडे सारखं कापलं जात होतं. मी जरा हळू केलं की तो हळू, मी वेग घेतला की तोही. नदीच्या मध्यावर आलो तेव्हा त्याने वल्हं उचललं. मी चुकले नव्हते, तरी उचललं. मीही माझं उचललं. नाव आपली आपण तरंगत राहिली. धुक्यात काहीच हलत नव्हतं.

साहेबांनी मागून विचारलं की अडकलं का?

मी म्हटलं, नाही, थांबलोय.

मग पुन्हा वल्ही पाण्यात घातली आणि पलीकडे गेलो. दार उघडलं, संगीत वाजलं. साहेब पुढे होऊन टीव्हीवरचं ते उघडं दार बघत राहिले. मग म्हणाले, दोन राहू देत. ज्यांना जमायला वेळ लागेल त्यांना लागू दे, यादीत एक तरी गेम असा हवा. आणि मला म्हणाले, तुम्हाला आता बोलावता येणार नाही, हे तुम्हाला कळतंय ना? मी म्हटलं, कळतंय.

मुलगी कागद आणायला गेली, शेवटची सही हवी होती. मी बाहेर आले. बोळात पाण्याच्या मशीनपाशी तो उभा होता, हातात कागदी पेला, पेल्यात पाणी नव्हतं. माफी मागणं भाग होतं. मी म्हटलं, तुमच्या तीन वर्षांच्या कामाची मी माती करत होते, मला माहीत नव्हतं. वाट्टेल ते बोला.

त्याने मान हलवली. मग खाली बघत म्हणाला, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तुम्हाला येतं ते. नावेतल्या आपल्या दुसऱ्याच मंगळवारी कळलं. नवखा माणूस दर वेळी नवीन काहीतरी चुकतो. तुम्ही मोजून चौथ्या फटक्याला चुकायच्या."

डोक्यात तिडीक गेली. म्हणजे ह्याला माहीत होतं, तरी साहेबांनी सांगितल्यावर मुकाट्याने दुसरं माणूस काढून टाकलं? तीन वर्षं खपून जे उभं केलं ते स्वतःच्या हाताने मोडलं? एक शब्द बोलला असता तर गेम वाचला असता. मी हे सगळं बोलले, चांगल्या चढ्या आवाजात.

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर त्यांनी तुम्हाला पिशवी दिली असती."

दोन खोल्यांमधल्या भिंतीच्या एका बाजूला तो आणि दुसऱ्या बाजूला मी, असे आम्ही तीन मंगळवार बसलो. मी त्याला धरून ठेवायला चुकत होते आणि तो मला धरून ठेवायला चुकू देत होता. आणि नाव बिचारी मधे गोल फिरत होती.

"मूर्ख आहेस," मी म्हटलं.

तो म्हणाला, "हो."

मुलगी कागद आणि पिशवी घेऊन आली. मी सही केली. मुलीचे डोळे भरले होते, तिने मला मिठी मारली, मग तिला कोणीतरी हाक मारली. त्यालाही खोलीत परत बोलावलं, दुसऱ्या कोणाची तरी बैठक होती. मला त्याला पुष्कळ काही म्हणायचं होतं. कुठे राहतोस, घरी कोण आहे, जेवतोस का नीट. जन्मभर फटकळ म्हणून नाव काढलं आणि तेव्हा जीभच रेटेना. तो दारात वळून एकदा थांबला. मग दार लागलं.

मी लिफ्ट सोडून जिन्याने उतरले. फाटकावर पहारेकऱ्याने वहीत माझ्या नावापुढे वेळ टाकली.

"पुढच्या मंगळवारी याच वेळेला ना, मावशी?" त्याने विचारलं.

मी हो म्हटलं, आणि पिशवी काखेत मारून बस स्टॉपकडे चालू लागले.